पर्ड्यू ५८, फेअरली डिकिन्सन ६३ : २६ पैकी ५

लाफायेतकर
१८ मार्च २०२३

काल रात्री कोलंबसमध्ये जे घडलं त्यावर इथे अजून कुणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून धागा काढतोय. पर्ड्यूत शिकलेले बरेच जण इथे आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: पुरुषांच्या एनसीएए स्पर्धेत (अमेरिकेतल्या विद्यापीठांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा, प्रत्येक विभागात १ ते १६ मानांकनं) आपल्या विभागात अग्रमानांकित असलेलं पर्ड्यू पहिल्याच फेरीत सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून (पुढे नुसतं एफडीयू) ६३-५८ असं हरलं. पुरुषांच्या स्पर्धेत असं याआधी एकदाच झालंय, २०१८ साली, यूएमबीसी विद्यापीठाने व्हर्जिनियाला ७४-५४ असं हरवलं तेव्हा.

पर्ड्यूने तीन गुणांचे (कमानीच्या रेषेबाहेरून मारायचे) २६ शॉट घेतले, आत गेले ५. संघाने घेतलेल्या एकूण शॉटपैकी जवळपास निम्मे रेषेबाहेरचे होते, आणि त्यातला पाचातला एक लागला. हे सगळं झॅक एडी संघात असताना. ७ फूट ४ इंच उंचीचा, या मोसमातला देशातला सर्वोत्तम खेळाडू. समोर पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनच्या साडेतीनशेहून जास्त संघांमध्ये सरासरी उंचीने सगळ्यात बुटका संघ. त्यांचा डिमेट्रे रॉबर्ट्स ५ फूट ८ इंचांचा. एडीने २१ गुण केले, १५ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले चेंडू) घेतले, आणि तरीही मध्यंतराला आपण एका गुणाने मागे होतो आणि शेवटी पाच गुणांनी.

साधा हिशोब करून पाहा. मोसमभर आपली तीनच्या शॉटची टक्केवारी ३२ च्या आसपास होती, म्हणजे तीही काही भारी नव्हती. त्या बेताच्या टक्केवारीने जरी खेळलो असतो तरी २६ पैकी ८ लागले असते. तीन शॉट जास्त, नऊ गुण. फरक होता पाचाचा.

मला सगळ्यात लागतंय ते हे, की हे अचानक झालेलं नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आपण २२ विजय, १ पराभव असे होतो. १ फेब्रुवारीला पेन स्टेटविरुद्ध आपल्या मेसन गिलिसने एकट्याने नऊ थ्री (तीनचे शॉट) मारले होते! त्यानंतर इंडियानाकडून हरलो, मग नॉर्थवेस्टर्न, मेरीलंड आणि पुन्हा इंडियाना. सहा सामन्यांत चार पराभव. तेव्हापासून प्रत्येक संघ एडीभोवती गर्दी करतोय आणि बाहेरच्यांना सांगतोय, मारा. बिग टेन (आपली परिषद, म्हणजे विद्यापीठांचा गट) आपण जिंकली, तिची शिकागोतली स्पर्धाही जिंकली, त्यामुळे सगळ्यांनी डोळेझाक केली. तुम्हा सगळ्यांना काय वाटतं ते मनापासून लिहा.

---

मृण्मयी_टी
१८ मार्च २०२३

मोकळे शॉट होते रे. तेच बघवत नव्हतं. आजूबाजूला कुणी नाही, पाय जुळवायला वेळ आहे, आणि चेंडू बाहेर. शेवटी बरोबरीसाठी घेतलेला शॉटही बाहेर गेला तेव्हा मी आवाज बंद केला.

---

एडिसनकर
१८ मार्च २०२३

लाफायेतकर दादा, तुमचं दुःख समजतं, पण धाग्यात एफडीयूबद्दल दोन ओळीच आल्या म्हणून न्यू जर्सीतून लिहितोय. या मुलांनी काय केलंय ते नीट सांगायला हवं.

गेल्या मोसमात हा संघ ४ सामने जिंकला आणि २२ हरला. मग टोबिन अँडरसन प्रशिक्षक म्हणून आले, दुसऱ्या डिव्हिजनच्या सेंट थॉमस अक्वायनस कॉलेजमधून. येताना तिथले तीन खेळाडू बरोबर आणले: रॉबर्ट्स, ग्रँट सिंगलटन आणि शॉन मूर. म्हणजे काल ज्या तिघांच्या जोरावर पर्ड्यू हरलं ते वर्षभरापूर्वी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळत होते. मूर मूळचा कोलंबसचाच. घरच्या गावात १९ गुण केले, आणि शेवटचं एक मिनिट उरलेलं असताना ६१-५६ करणारा थ्री त्याचाच.

आणखी एक. एफडीयूने आपल्या परिषदेची स्पर्धा जिंकलेलीच नव्हती. अंतिम सामन्यात मेरिमॅकने त्यांना ६७-६६ असं हरवलं होतं. मेरिमॅक नुकतंच दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आलेलं, त्यामुळे नियमानुसार त्यांना एनसीएए स्पर्धेत खेळता येत नव्हतं, आणि जागा एफडीयूला मिळाली. तीही थेट मुख्य फेरीत नाही. आधी डेटनला जाऊन टेक्सास सदर्नला ८४-६१ हरवावं लागलं. त्या विजयानंतर अँडरसन यांनी ड्रेसिंग रूममध्ये मुलांना सांगितलं की पर्ड्यूचा खेळ जितका पाहतोय तितकं वाटतंय की आपण त्यांना हरवू शकतो. त्यावर लोक हसले. ते पूर्ण अभ्यासानिशी बोलत होते.

'पर्ड्यूचे शॉट लागले नाहीत' एवढंच म्हटलं तर या मुलांवर अन्याय होतो. ते शॉट पर्ड्यूने घ्यावेत अशी व्यवस्था त्यांनी केली होती.

---

टिपेकानू
१८ मार्च २०२३

२०२१ ला तेराव्या मानांकनाच्या नॉर्थ टेक्सासकडून हरलो. २०२२ ला पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सकडून. आता सोळाव्याकडून. तीन वर्षं ओळीने. याला योगायोग म्हणणार का? प्रशिक्षक मॅट पेंटर यांनी मोसमात कितीही सामने जिंकू देत, मार्चमध्ये, म्हणजे या स्पर्धेत, त्यांचा संघ गोठतो. २००५ पासून ते आहेत. अजून एकदाही फायनल फोर (शेवटचे चार संघ) नाही. १९८० नंतर पर्ड्यू तिथे पोहोचलेलंच नाही. माझं स्पष्ट मत आहे, बदल हवा.

---

विदर्भकोर्ट
१८ मार्च २०२३

नागपुरातून लिहितोय. पहाटे उठून सामना पाहिला. आमच्याकडे शिवाजीनगर जिमखान्याच्या कोर्टवर लहानपणापासून खेळत आलोय, आता पोरांना शिकवतो. त्यामुळे एक गोष्ट जरा खोलात जाऊन लिहावीशी वाटते. मृण्मयी ताईंनी लिहिलंय की शॉट मोकळे होते. होतेच. पण मोकळा शॉट दोन प्रकारचा असतो.

पहिला प्रकार तुम्ही मिळवलेला. चेंडू आत गेला, बचाव आत खेचला गेला, आतून बाहेर पास आला, शूटर आधीच पाय रोवून उभा आहे, हातात चेंडू येताच वर. दुसरा प्रकार समोरच्याने तुम्हाला दिलेला. तुमचा बचावपटू मुद्दामच दोन पावलं मागे थांबलाय. तो म्हणतोय, घे. चेंडू बाहेरच्या बाहेर फिरतोय, आत जायला वाटच नाही, घड्याळ (शॉट घ्यायची मुदत) संपत आलंय, आणि शूटरच्या डोक्यात विचार सुरू झालाय की घेऊ की नको. दोन्ही शॉटचं अंतर सारखं, मोकळीक सारखी. पण जो शॉट घेताना विचार करावा लागतो त्याची लय मोडलेली असते. शूटिंग शिकवणारा कुणीही हे सांगेल.

एफडीयूने काल हेच केलं. एडीच्या पुढे एक जण उभा, मागे मदतीला दुसरा तयार. पुढून पास द्यायला वाट नाही, वरून द्यायचा तर मागचा येतो. उंची नाही ना, मग त्यांनी एडीचा शॉट अडवण्याऐवजी एडीपर्यंत चेंडू पोहोचणंच अडवलं. शेवटच्या काही मिनिटांत तर त्याला शॉट घ्यायलाच मिळाला नाही, आणि देशातला सर्वोत्तम खेळाडू चेंडूला हात न लावता कोर्टवर पळत होता.

दुसरी गोष्ट प्रेसची. एफडीयू चेंडू कोर्टच्या दुसऱ्या टोकापासूनच अडवत होतं. पर्ड्यूचे दोन्ही गार्ड (चेंडू पुढे आणणारे खेळाडू), ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, पहिल्या वर्षाचे. संघाचे टर्नओव्हर (शॉट न घेताच गमावलेले चेंडू) १६. पण प्रेसचा खरा परिणाम टर्नओव्हरमध्ये पूर्ण दिसत नाही. प्रत्येक वेळी चेंडू पुढे आणायला सात-आठ सेकंद आणि बरीच ताकद जाते. उरलेल्या वेळात आत पास द्यायचा एक प्रयत्न होतो, दुसरा होत नाही. आणि लांबचा शॉट हातापेक्षा पायांनी जातो. पाय दमले की हात तसाच फिरतो, पण चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत येतो. गेल्या आठवड्यात शिकागोतल्या अंतिम सामन्यात पेन स्टेटने हाच उपाय उशिरा वापरला होता. पर्ड्यूची मोठी आघाडी होती, शेवटी ६७-६५ वर कसंबसं निभावलं. अँडरसन यांनी तो सामना पाहिला नसेल असं मला वाटत नाही.

त्यामुळे '२६ पैकी ५' हा आकडा एकट्या शूटर मुलांच्या नावावर टाकू नका. तो आकडा प्रेसपासून सुरू होतो.

---

लाफायेतकर
१८ मार्च २०२३

विदर्भकोर्ट, फार चांगला प्रतिसाद. दिलेला शॉट आणि मिळवलेला शॉट हा फरक मोसमभर आमच्या नजरेसमोर होता. गेल्या वर्षी जेडन आयव्ही होता, तो स्वतः घुसायचा, त्यामुळे बचाव मोडायचा. तो एनबीएला (व्यावसायिक लीगला) गेला, खेळाडूंच्या निवडीत पाचव्या क्रमांकावर डेट्रॉइटने घेतला. त्याच्या जागी घुसणारा कुणी आलाच नाही. मग एडीकडे पास गेला तर सगळं, नाही गेला तर काहीच नाही.

---

मृण्मयी_टी
१८ मार्च २०२३

एक गोष्ट कळकळीने. काल रात्रीपासून समाजमाध्यमांवर या मुलांच्या खात्यांवर जाऊन लोक जे लिहितायत ते वाचवत नाही. एकोणीस-वीस वर्षांची मुलं आहेत. यातल्या एकाने इंडियानातच लहानाचं मोठं होऊन पर्ड्यूची जर्सी घातलीय, त्याला आपण नक्की काय सांगतोय? शॉट हुकला म्हणून घरच्यांची नावं घेऊन शिव्या? मी लाफायेतला, पर्ड्यूत, असताना खेळाडू वर्गात आमच्या बरोबर बसायचे, परीक्षा द्यायचे. इथे तरी कुणी तसं लिहू नये ही विनंती. संपादकांनीही लक्ष ठेवावं.

---

एडिसनकर
१८ मार्च २०२३

पूर्ण अनुमोदन, ताई.

---

कोर्टाबाहेरची
१८ मार्च २०२३

'पुरुषांच्या स्पर्धेत' असं लाफायेतकरांनी नेमकं लिहिलं ते बरं केलं. सगळ्या वाहिन्या विसरतात. सोळाव्या मानांकनाने पहिल्याला हरवण्याचा पहिला मान महिलांचा आहे. १९९८, हार्वर्डने स्टॅनफर्डला स्टॅनफर्डच्याच कोर्टवर ७१-६७ असं हरवलं होतं. स्टॅनफर्डच्या दोन मुख्य खेळाडू ऐन स्पर्धेआधी जखमी झाल्या होत्या हे खरं, पण परक्याच्या घरी जाऊन जिंकणं हे जिंकणंच.

आणि टिपेकानू, पेंटर यांना काढा म्हणताय, तर २०१९ आठवा. आपल्या कार्सन एडवर्ड्सने व्हर्जिनियाविरुद्ध दहा थ्री मारले, ४२ गुण केले. फायनल फोर काही सेकंदांवर होती. समोरच्याचा शॉट शेवटच्या क्षणी आत गेला, सामना जादा वेळेत गेला आणि ८०-७५ असा हरलो. त्या एका शॉटमुळे पेंटर यांचं प्रशिक्षण कमी-जास्त ठरतं का? आणि ते व्हर्जिनिया म्हणजे वर्षभरापूर्वी यूएमबीसीकडून हरलेलंच. त्यांनी प्रशिक्षक टोनी बेनेट यांना काढलं नाही. पुढच्याच वर्षी ते विजेते झाले.

---

टिपेकानू
१८ मार्च २०२३

व्हर्जिनियाचं उदाहरण सगळेच देणार हे माहीत होतं. पण व्हर्जिनिया एकदा हरलं. आपण तीन वर्षं ओळीने हरलोय, आणि तिन्ही वेळा समोरचा गार्ड आपल्या गार्डपेक्षा चपळ होता. उंच सेंटर (रिंगजवळ खेळणारा) घ्यायचा, त्याच्याभोवती शूटर उभे करायचे, हा पेंटर यांचा ठरलेला आराखडा आहे. थंडीत, स्वतःच्या परिषदेत, ओळखीच्या संघांपुढे तो चालतो. मार्चमध्ये अनोळखी, छोटा, पळणारा संघ समोर आला की मोडतो. २०२२ मध्ये सेंट पीटर्स, आता एफडीयू, दोन्ही न्यू जर्सीचे, दोन्ही छोटे, दोन्ही पळणारे. मी मुलांना एक शब्द बोललेलो नाही. माझं भांडण आराखड्याशी आहे, आणि ते मी सोडणार नाही.

---

विदर्भकोर्ट
१८ मार्च २०२३

टिपेकानू भाऊ, आराखड्याबद्दलचं तुमचं म्हणणं निम्मं पटतं. पण उपाय आराखडा टाकून देण्याचा नाही. एडीसारखा खेळाडू असताना त्याच्यातून खेळायचं नाही हे कुणीच करणार नाही. हवाय तो एक तिसरा माणूस, जो प्रेस मोडेल आणि घड्याळ संपत आलं की स्वतःचा शॉट स्वतः तयार करेल. तसा एक अनुभवी गार्ड मिळाला तर स्मिथ आणि लॉयर यांच्या खांद्यावरचं निम्मं ओझं जाईल, आणि मग हेच शूटर वेगळे दिसतील.

---

एडिसनकर
२० मार्च २०२३

काल एफडीयू फ्लोरिडा अटलांटिककडून ७८-७० असं हरलं. शेवटपर्यंत झुंजले. नवव्या मानांकनाचा संघ होता समोर. आमच्याकडे टीनेकच्या (एफडीयूच्या गावाच्या) आसपास राहणारे, एरवी बास्केटबॉल न बघणारे शेजारी या तीन दिवसांत सगळ्या खेळाडूंची नावं पाठ म्हणायला लागले. पर्ड्यूकरांनो, तुमच्यासाठी वाईट वाटतं, पण हा संघ आम्हाला आयुष्यभर आठवेल.

---

लाफायेतकर
९ एप्रिल २०२४

जुना धागा वर काढतोय, कारण पुढचं याच धाग्यात लिहायला हवं.

काल ग्लेनडेलला अंतिम सामन्यात कनेक्टिकटकडून ७५-६० असे हरलो. ४४ वर्षांनी फायनल फोर, आणि तिथून पुढे अंतिम सामनाही. ग्रॅम्ब्लिंगला ७८-५०, युटा स्टेटला १०६-६७, गोंझागाला ८०-६८, डेट्रॉइटला टेनेसीविरुद्ध ७२-६६ (एडीचे ४०!), मग एनसी स्टेटला ६३-५०. यंदा तीनच्या शॉटची टक्केवारी ४० च्या वर होती, देशात अगदी वरच्या संघांमध्ये. तीच मुलं. स्मिथ तोच, लॉयर तोच, गिलिस तोच. नवा आला तो लान्स जोन्स, सदर्न इलिनॉयमधून, चार वर्षांचा अनुभव घेऊन. विदर्भकोर्ट यांनी गेल्या मार्चमध्ये मागितलेला माणूस हाच नाही का? त्याने चेंडू पुढे आणला, समोरच्याचा सगळ्यात चपळ गार्ड अंगावर घेतला, आणि बाकीच्यांचे पाय ताजे राहिले.

पण काल काय झालं पाहिलंत? तीनचे शॉट घेतले फक्त ७, लागला १. गेल्या वर्षी २६ घेतले आणि आपण हरलो, या वर्षी ७ घेतले आणि हरलो. एडीने ३७ गुण केले. संघाचे ६०.

---

विदर्भकोर्ट
१० एप्रिल २०२४

दादा, मन:पूर्वक अभिनंदन आधी. हा मोसम फार सुंदर होता.

कनेक्टिकटचे प्रशिक्षक डॅन हर्ली यांनी एफडीयूच्या बरोबर उलट केलं. एफडीयूने एडीला कोंडलं आणि बाहेरच्यांना मोकळं सोडलं. हर्ली यांच्याकडे ७ फूट २ इंचांचा डॉनोव्हन क्लिंगन होता, म्हणून त्यांनी एडीला बहुतेक वेळ एकट्याने सांभाळायला दिलं आणि बाकी चौघांना शूटरच्या अंगाला चिकटून राहायला सांगितलं. मदतीला कुणी आत येतच नव्हतं. मदत येत नाही म्हणजे आतून बाहेर पास द्यायचं कारणच उरत नाही. एडी गुण करत राहिला, हुक शॉट मागून हुक शॉट, आणि बाकीचे उभे राहून बघत राहिले. दोन-दोन गुणांनी तुम्ही किती करणार, आम्ही दुसऱ्या टोकाला जास्त करू, हा त्यांचा हिशोब होता आणि त्यांची गुणवत्ता तेवढी होती. ओळीने दुसरं विजेतेपद आहे त्यांचं, २००७ च्या फ्लोरिडानंतर हे कुणाला जमलं नव्हतं.

म्हणून कालचं '७ पैकी १' मी खराब शूटिंगमध्ये धरत नाही. शूटिंग झालंच नाही. या दोन रात्री मी माझ्या पोरांना शेजारी शेजारी ठेवून दाखवणार आहे. पहिल्या रात्री शॉट नको असताना मिळाले, दुसऱ्या रात्री हवे असताना मिळाले नाहीत, आणि दोन्ही वेळा ते समोरच्या प्रशिक्षकाने सामन्याआधीच ठरवलेलं होतं.

---

टिपेकानू
१० एप्रिल २०२४

मी गेल्या वर्षी पेंटर यांना काढा असं लिहिलं होतं, ते वर आहेच. आराखड्यावरचं माझं म्हणणं आजही तसंच आहे, कनेक्टिकटच्या गार्डनी ते पुन्हा दाखवलं. पण ज्या माणसाने एफडीयूच्या पराभवानंतर तीच मुलं हाताशी धरली, एकालाही दूर लोटलं नाही आणि वर्षाने अंतिम सामन्यात नेलं, त्याने पर्ड्यूत राहावं असं मला आता वाटतं. डेट्रॉइटला विजयाच्या प्रथेप्रमाणे बास्केटची जाळी कापताना त्यांचा चेहरा पाहिला. स्वतः पर्ड्यूत खेळलेला माणूस. खूप भरून आलं.

---

मृण्मयी_टी
१० एप्रिल २०२४

एडी आता जाणार. पुढच्या मोसमात स्मिथ, लॉयर, ट्रे कॉफमन-रेन, आणि आतमध्ये कुणी ७ फूट ४ इंचांचा नाही. म्हणजे समोरच्यांना नव्याने विचार करावा लागेल, आणि आपल्यालाही. नोव्हेंबरमध्ये मॅकीला (पर्ड्यूच्या कोर्टवर) पहिल्या घरच्या सामन्याला शिकागो आणि इंडियानापोलिसहून आपण सगळे मिळून जायचं का? लाफायेतकर, तिकिटांची चौकशी तुम्ही करता का? मी तिघांची नावं आत्ताच देते.